पाहुण्याची गाडी आणि सहीची भीती

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या गाडीने आठवडाभर नेपाळमध्ये हिंडून परतत होतो. जाताना सीमेपलीकडच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क कचेरीत, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे शुल्क भरले, गाडीचे नोंदणीपत्र दाखवले, पावती घेतली आणि अर्ध्या तासात पुढे निघालो. परतीच्या वाटेवर आपल्या बाजूच्या नाक्यावर चहासाठी थांबलो, तेव्हा एका कडेला उभी असलेली परदेशी नोंदणीची गाडी दिसली. मागे बिछाना, छोटासा ओटा, पाण्याची टाकी आणि चालकाचे चाक डावीकडे. मालक एक जर्मन दाम्पत्य. दोघेही निवृत्त शिक्षक. तुर्कस्तान, मध्य आशिया आणि तिबेट ओलांडून ते इथवर पोहोचले होते. व्हिसा होता, विमा होता, गाडीची कागदपत्रे होती. तरीही तो त्यांचा नाक्यावरचा दुसरा दिवस होता.

मी कुतूहलाने आत जाऊन विचारले. कचेरीतील अधिकारी सौजन्याने बोलले. त्यांनी मला चहाही दिला. गाडीच्या कागदांत काही खोट होती का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. मग अडले कुठे? ते जे म्हणाले ते मला आजही आठवते. ‘साहेब, मी आज सही केली आणि उद्या ही गाडी परत गेली नाही, तर चौकशी माझी होईल. सही केली नाही, तर मला कोणीच काही विचारणार नाही.’

परदेशी पाहुण्याच्या गाडीविषयीचे आपले सारे धोरण या दोन वाक्यांत सामावले आहे, असे मला वाटते. प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचा नाही. ज्या व्यवस्थेत ‘हो’ म्हणण्याची जोखीम एका माणसाची आणि ‘नाही’ म्हणण्याची किंमत दुसऱ्याची, त्या व्यवस्थेत कोणताही शहाणा माणूस ‘थांबा’ असेच म्हणेल.

ही जोखीम नेमकी कोणती, ते आधी समजून घेतले पाहिजे. दुसऱ्या देशात नोंदलेली मोटार सीमा ओलांडून आत आली की कायद्याच्या दृष्टीने ती आयात झालेली वस्तू असते. आयात म्हटली की कर आला. आपल्याकडे मोटारींवरील आयातकर जगातील सर्वांत जड करांपैकी आहे. वापरलेल्या किंवा महागड्या गाडीवर तो अनेकदा गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक भरतो. चार महिने देश पाहून परत जाणाऱ्या माणसाकडून असा कर घेणे अन्याय्य, आणि न घेता गाडी सोडून दिली तर ती इथेच विकली जाण्याची भीती. या पेचातून जगाने विसाव्या शतकातच एक तोडगा काढला. त्याचे नाव ‘कार्ने द पासाज’. प्रवासी त्याला नुसते ‘कार्ने’ म्हणतात.

कार्ने हे एक साधे पुस्तक असते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग नाक्यावर फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरी स्थळप्रत दोन्ही शिक्क्यांसह पुस्तकातच राहते. हे पुस्तक प्रवाशाच्या देशातील मान्यताप्राप्त मोटार संघटना देते आणि त्यासाठी त्याच्याकडून मोठी अनामत किंवा बँकेची हमी घेते. गाडी परत गेल्याचा शिक्का नसेल, तर यजमान देश त्या हमीच्या साखळीतून आपला कर वसूल करू शकतो. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आपल्या प्रवाशांना असे पुस्तक देत आली आहे. पुण्या-मुंबईहून मोटारीने लंडनला निघालेल्या मराठी प्रवाशांना त्याची किंमत चांगली ठाऊक असते. कारण कित्येकांची आयुष्यभराची बचत त्या हमीत अडकून पडते आणि शेवटचा शिक्का मिळेपर्यंत सुटत नाही.

म्हणजे जो माणूस कार्ने घेऊन नाक्यावर उभा राहतो, त्याने सरकारच्या भीतीचे उत्तर आपल्या खिशातून आधीच देऊन ठेवलेले असते. खासगी मोटारींच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार न्यूयॉर्क येथे १९५४ साली झाला आणि भारत त्यात सामील आहे. पर्यटकाची गाडी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंत करमुक्त राहू शकते, ही सवलत आपल्याकडे कित्येक दशकांची आहे. या करारातील एक तत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी पाहुणी ठरते ती मालकाच्या निवासामुळे. त्याच्या पासपोर्टच्या रंगामुळे नव्हे. परदेशात स्थायिक झालेला आपला माणूसही आपल्या गाडीने काही महिन्यांसाठी गावी येऊ शकतो, आणि मुक्काम संपला की गाडी परत नेणे त्याच्यावर बंधनकारक राहते.

हे सारे आपल्याला नवे आहे असेही नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९५५-५६ मध्ये दोन लँडरोव्हर गाड्या लंडनहून सिंगापूरपर्यंत नेल्या, त्या भारतातूनच. लंडन-सिडनी मोटार शर्यत १९६८ साली तेहरान, काबूल, दिल्ली असा प्रवास करीत मुंबईला आली आणि तिथून गाड्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपातील तरुण पोरे रंगवलेल्या व्हॅनमधून गोव्यापर्यंत येत. त्या काळी आपल्याकडे संगणक नव्हते, परकीय चलनाची चणचण होती, आयातीवर बंधने आजच्याहून कडक होती. तरीही गाड्या येत आणि जात.

मग नकाशा बदलला. इराण-अफगाणिस्तानचा रस्ता १९७९ नंतर धोक्याचा झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा नाका बंद करण्यात आला. पूर्वेला म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावल्यापासून मोरेहून पुढे थायलंडकडे जाणारी वाट प्रवाशांसाठी जवळजवळ मिटली आहे. युरोपातून रस्त्याने येणाऱ्याला व्यवहारात नेपाळचाच दरवाजा उरतो. नाहीतर गाडी पेटाऱ्यात घालून मुंबई किंवा दुसऱ्या बंदरात उतरवायची. त्यामुळे नेपाळ सीमेवरील नाके ही आता भारताची जागतिक प्रवेशद्वारे बनली आहेत. तिथल्या मनुष्यबळाला आणि प्रशिक्षणाला मात्र हे नवे महत्त्व अजून कळलेले नाही.

केंद्र सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये परदेशी नोंदणीच्या खासगी वाहनांसाठी देशभर लागू होणारे नियम जारी केले. त्यांत गाडीत कोणते कागद हवेत ते स्पष्ट सांगितले आहे : वैध नोंदणीपत्र, चालक परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि मूळ देशात आवश्यक असल्यास प्रदूषण प्रमाणपत्र. अशा गाडीतून इथल्या प्रवाशांची किंवा मालाची ने-आण करता येणार नाही, आणि भारतातील वाहतुकीचे नियम तिला पाळावे लागतील. त्याच सुमारास आपल्या नागरिकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय चालक परवान्याचे स्वरूपही देशभर एकसारखे करण्यात आले. राज्याराज्यांत वेगवेगळ्या समजुती होत्या, त्या जागी एक नियम आला, हे पाऊल योग्यच होते.

तथापि, कोणते कागद हवेत हे नियमाने सांगितले, पण ते पाहिल्यावर सही किती वेळात करायची, अडल्यास कोणाला विचारायचे आणि नियमानुसार सही करणाऱ्याला संरक्षण काय, हे प्रश्न जिथल्या तिथे राहिले. बिछाना आणि ओटा असलेली गाडी खासगी मोटार मानायची की आणखी काही, एवढ्या शंकेवर दोन दिवस जाऊ शकतात, ते यामुळेच. शिवाय काही तरतुदी आपल्याच भूगोलाकडे पाठ फिरवून लिहिल्यासारख्या वाटतात. कागद इंग्रजीत नसेल तर त्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर हवे, अशी अट आहे. नेपाळमध्ये गाडीच्या नोंदणीपुस्तिकेला ‘ब्लूबुक’ म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी मजकूर नेपाळीत, देवनागरी लिपीत असतो. जुन्या नेपाळी पाट्यांवरील अक्षरे आणि अंक पुण्यातील शाळकरी मुलगाही वाचू शकेल. नियमाच्या अक्षराकडेच पाहिले, तर कोट्यवधी भारतीय वाचतात त्या लिपीतला कागदसुद्धा इंग्रजी भाषांतरावाचून अपुरा ठरतो.

शेजाऱ्यांशी आपला व्यवहार खरे तर याहून मोकळा आहे. भारतीय गाडी रोजचे शुल्क भरून नेपाळमध्ये वर्षाकाठी एकूण तीस दिवसांपर्यंत राहू शकते. कार्ने लागत नाही. आपल्या मोटार विम्यातही थोडा जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या शेजारी देशांपर्यंत संरक्षण वाढवून घेण्याची सोय जुनी आहे. भूतानची गोष्ट तर आणखी निराळी. तिथले अंतर्गत रस्ते डोंगरांनी तोडलेले असल्यामुळे फुंत्शोलिंगहून समद्रुप जोंगखारला जाणारी भूतानी गाडी वर्षानुवर्षे पश्चिम बंगाल आणि आसाममधून जात आली. भूतानच्या दृष्टीने आपला महामार्ग हा जणू त्यांच्या घरातला व्हरांडा. आणि याच मोकळिकीत आपल्या व्यवस्थेचे दुसरे वैगुण्य उघडे पडले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने छापे घातले. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत वाहन. भूतानमधून आलेल्या महागड्या जुन्या गाड्या कर न भरता भारतात आणल्या गेल्या, सैन्य आणि दूतावासांच्या नावाने बनावट कागद तयार करून त्यांची इथे नोंदणी झाली आणि मग त्या श्रीमंत शौकिनांना विकल्या गेल्या, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण आरोपातली पद्धत पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. या गाड्या पर्यटकांच्या खिडकीसमोर दोन दिवस ताटकळल्या नव्हत्या. त्यांच्याकडे कार्ने मागितले गेले नव्हते. त्या शिरल्या सीमेवरून. पण भारतीय झाल्या त्या परिवहन कार्यालयांच्या टेबलांवर, सीमेपासून शेकडो मैल दूर.

थोडक्यात, जो माणूस हमीचे पुस्तक घेऊन, तोंड दाखवून, शिक्का मागतो, त्याच्यावर आपण सगळा संशय खर्च करतो. आणि ज्याला फसवायचे आहे तो त्या खिडकीकडे फिरकतच नाही. हा कडकपणा महसुलाचे रक्षण करीत नाही. तो फक्त प्रामाणिक माणसाचे दिवस खातो. कर चुकवणाऱ्याला रोखण्याची जागा नाक्यापेक्षा नोंदणीच्या टेबलावर अधिक आहे. सीमेवर झालेली तात्पुरत्या प्रवेशाची नोंद देशाच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीला दिसत असती, तर त्या सांगाडा क्रमांकाची गाडी कोणत्याही राज्यात नव्याने नोंदताना संगणकाने आपणहून हरकत घेतली असती.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. सीमावर्ती प्रदेशात अनोळखी वाहन फिरणे ही चिंतेची बाब असू शकते. पण ज्या गाडीचा सांगाडा क्रमांक, मालकाचा पासपोर्ट आणि परतीची मुदत सरकारदरबारी लिहिलेली आहे, ती गाडी अनोळखी कशी? महामार्गावरील टोलनाके तिचा माग ठेवू शकतात. प्रत्यक्षात उलटेच घडते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग बंधनकारक झाला आणि तो नसलेल्या गाडीकडून दुप्पट टोल घेण्याची पद्धत आली. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने पैसे देणाऱ्यांसाठी ती आकारणी सव्वापट झाली, रोखीने मात्र दुप्पटच. परदेशी पाट्यांच्या गाडीकडे फास्टॅग असण्याची शक्यता कमी. म्हणजे ज्या वाहनाचा प्रवास आपल्याला सर्वांत अधिक दिसायला हवा, तेच रोख पैसे देऊन, कोणतीही नोंद न ठेवता पुढे जाते, आणि वर दंडही भरते.

युरोपीय संघात बाहेरच्या देशात राहणाऱ्याची खासगी गाडी सर्वसाधारणपणे सहा महिने करमुक्त फिरू शकते. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. गाडी सीमा ओलांडते, हीच घोषणा मानली जाते. आपण उद्याच तसे करावे, असे मी म्हणणार नाही. मोटारींवर आपल्याइतका कर असलेल्या देशाला हमी सोडून चालणार नाही. हमी ठेवावी, पण ती घेतल्यानंतर तिच्यावर विश्वास ठेवावा, एवढेच मागणे आहे. मालमोटारींच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. मोहोरबंद मालाला सीमेवर न उघडता पुढे जाऊ देणाऱ्या टीआयआर या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१७ साली सामील झाला. पोत्यांवर विश्वास ठेवण्याची रीत बसली. माणसांच्या बाबतीत ती अजून बसायची आहे.

प्रादेशिक पातळीवर तर आराखडाही तयार आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत मोटार वाहन करार पाकिस्तानच्या भूमिकेमुळे अडला. त्यानंतर १५ जून २०१५ रोजी थिम्फू येथे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी आपसांतल्या करारावर सह्या केल्या. त्यात प्रवासी बस आणि मालमोटारींबरोबर खासगी गाड्यांचाही समावेश आहे. भूतानच्या राष्ट्रीय परिषदेने २०१६ साली त्याला संमती नाकारली. छोट्या डोंगराळ देशाला परक्या गाड्यांच्या गर्दीची भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे. २०२२ नंतर भारतीय गाड्यांवरील दैनंदिन शुल्क त्यांनी मोठ्या प्रमाणात वाढवले, त्यामागेही हीच काळजी दिसते. पुढे भूतानने उरलेल्या तिघांना आपल्याशिवाय पुढे जाण्याची मुभा दिली. तरीही चाचणीच्या फेऱ्या आणि बैठका यांपलीकडे सामान्य प्रवाशाच्या हाती काही पडलेले नाही.

करायचे काय, ते फार अवघड नाही. पहिली गोष्ट, नेपाळ सीमेवरील निवडक नाके आणि मुंबईसारखी बंदरे परदेशी खासगी वाहनांसाठी अधिकृत प्रवेशस्थाने म्हणून जाहीर करावीत आणि तिथे कार्ने ओळखणारा प्रशिक्षित अधिकारी प्रत्येक पाळीत असावा. दुसरी, प्रवेश आणि निर्गमन यांची एकच संगणकीय नोंद असावी, ती सीमाशुल्क, परिवहन आणि पोलीस या तिघांनाही दिसावी, आणि अशा गाडीची भारतीय नोंदणी ‘वाहन’ प्रणालीनेच रोखावी. तिसरी, नाक्यावरच मुदतीचा फास्टॅग आणि तृतीय पक्ष विमा मिळावा. जी-२० परिषदेच्या वर्षी, २०२३ मध्ये, परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआयची सोय सुरू करता आली, तर हे अशक्य नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : कागद पूर्ण असतील तर ठरावीक तासांत परवानगी द्यावी, अन्यथा नकाराचे कारण लेखी द्यावे, आणि नियमानुसार दिलेल्या सहीबद्दल अधिकाऱ्याला पुढे जबाबदार धरू नये. जबाबदारी हमीदार संस्थेची. त्यासाठीच तर ती हमी आहे.

आजारपण, अपघात, आपत्ती यांसाठी मुदतवाढीची सोपी वाटही हवी. २०२० च्या टाळेबंदीत अनेक परदेशी मोटारप्रवासी देशात अडकून पडले. माणूस विमानाने घरी जाऊ शकतो. त्याची गाडी जाऊ शकत नाही. गाडी मागे ठेवली तर हमी बुडते, सोबत थांबले तर व्हिसा संपतो. अशा वेळी कोणत्या खिडकीवर जायचे, हे प्रवाशाला नाक्यावर शिरतानाच एका कागदावर लिहून दिले, तरी पुष्कळ ताप वाचेल.

कोणी म्हणेल, अशा गाड्या येतात तरी किती? मूठभर माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण हा हिशेब मूठभर पाहुण्यांपुरता नाही. त्या खिडकीवर जी सही अडते, तीच सही बांधकामाच्या परवान्यावर, पेन्शनच्या कागदावर, शेतकऱ्याच्या फेरफार नोंदीवर अडत असते. निर्णय न घेणाऱ्याला आपल्या प्रशासनात कधीच चौकशीला सामोरे जावे लागत नाही, हा आजार सीमेवर फक्त अधिक स्पष्ट दिसतो, कारण तिथे थांबलेल्या माणसाचे घर त्याच्या मागेच, चाकांवर उभे असते.

त्या जर्मन दाम्पत्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिक्का मिळाला. वरिष्ठांचा फोन आला, एवढेच. कागद होते तेच, नियमही तोच. बाईंनी पुस्तक छातीशी धरले आणि मला विचारले, बाहेर पडतानाही असेच होईल का? मी त्यांना धीर दिला, चांगला रस्ता सांगितला, वाटेतल्या एका खात्रीच्या ढाब्याचे नाव दिले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही.